भोकाचं पान

फार जुन्या काळी हुप्प्या वानर पळसाच्या पानांत फराळ बांधून विकायचा. "माझ्या धंद्यानं रानाचं भलंच होतं," अशी त्यानं दवंडी पिटली, तेव्हा खरंखोटं बघायला पंचांनी पानं शिवून घरटं करणाऱ्या शिंपीणबाईंना धाडलं.

पळसबाग हिरवीगार होती, पण शिंपीणबाईंना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. एवढी झाडं, आणि चिवचिव कशी नाही?

"एका पानाला भोक सापडायचं नाही!" हुप्प्यानं छाती फुगवली. "अळी दिसली की चिरडतो."

"अरे, मग आमच्या पिल्लांनी खायचं काय?"

हुप्प्या ओशाळला. त्यानं अर्धी बाग अळ्यांना सोडली.

पुढच्या वर्षी बागेत नुसता किलबिलाट! शिंपीणबाईंना बघताच हुप्प्यानं सवयीनं भोकाचं पान पाठीमागे लपवलं.

"लपवतोस काय, वेड्या?" शिंपीणबाई खुदकन हसल्या. "टांग ते दारावर. तोच तुझा दाखला!"