खोलदरीचं सांबर

एका उघड्याबोडक्या माळावरच्या गावात हैबतराव नावाचा शिकारी राहायचा. त्याच्या राज्यात सशापेक्षा मोठं जनावर औषधालाही नव्हतं. त्यामुळे बंदुकीपेक्षा त्याचं तोंडच जास्त चाले.

शेजारच्या राज्यांत मात्र सांबरं होती. परमुलखातल्या शिकाऱ्याला तिथे परवाना लागे. अर्ज वर्षातून एकदाच आणि एकाच राज्यात करता येई. मग दसऱ्याला घागरीतून चिठ्ठ्या काढत.

यंदा हैबतरावाने साऱ्या गावाला सांबराच्या जेवणाचं आवतण देऊन टाकलं. अर्ज अजून करायचा होता, पण ते त्याला किरकोळ वाटलं. आता सांबर आलं नाही तर चारचौघांत नाक कापलं जाणार होतं.

शेजारी यसाजी म्हणाला, "मी सपाटपूरला अर्ज करतोय, तूही कर. सांबरं बेताची आहेत, पण बैलगाडी पार रानापर्यंत जाते."

"बेताची शिंगं माझ्या दारावर शोभतील का? मी खोलदरीला अर्ज करणार. तिथल्या सांबरांची शिंगं बाभळीएवढी असतात."

हैबतरावाची बायको सगुणा भाकरी थापत होती. तिने एवढंच विचारलं, "अहो, दरीत पडलेलं सांबर वर कोण आणणार?"

"आधी पडू तर दे," हैबतराव म्हणाला.

नशीब बघा, दोघांच्याही चिठ्ठ्या निघाल्या. हैबतराव खोलदरीत उतरला आणि त्याने खरोखरच एक अवाढव्य सांबर पाडलं. तो आनंदाने नाचला. मग त्याने मान वर करून कडा पाहिला आणि मटकन खाली बसला.

तिथल्या राजाचा नियम कडक होता. मारलेल्या जनावराचा तुकडाही रानात टाकायचा नाही, टाकला तर तुरुंग. हैबतरावाने दरीतल्या हमालांना हाक मारली. ते मजुरी मांसातच घेत. पहिल्या चढाला मागच्या तंगड्या गेल्या. मग खांदे गेले, फासळ्या गेल्या. शेवटच्या कड्याशी मुंडकं उचलणाऱ्याने मजुरीत मुंडकंच मागितलं. ती शिंगं देताना हैबतरावाला रडू कोसळलं. शेपटी मात्र तो स्वतः वाहत होता, म्हणून ती वाचली.

गावात चुली पेटल्या होत्या. पोरंसोरं पानं मांडून बसली होती. हैबतरावाने पिशवीतून शेपटी काढून बायकोपुढे ठेवली. कुणीच हसलं नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं.

तेवढ्यात यसाजीची बैलगाडी आली. गाडीत बेताचं सांबर होतं, पण अख्खं होतं.

सगुणा म्हणाली, "भावजी, गाडी इकडेच वळवा. मसाला वाटून तयार आहे."

गाव पोटभर जेवलं. पंक्ती वाढून झाल्यावर हैबतराव शेवटी पानावर बसला. यसाजीने वाढता वाढता विचारलं, "शिंगं जरा लहानच आहेत, नाही का रे?"

हैबतराव पानावरून नजर न काढता म्हणाला, "शिंगं कोण खातो? रस्सा वाढ."

तात्पर्य: कुठे नशीब अजमावायचं हे ठरवताना लाभाचा थाट पाहू नये, तो घरी आणण्याचा रस्ता आधी पाहावा.