फणसाच्या कडेला राहणारी परी

ही गोष्ट त्या काळची, जेव्हा झाडाला विचारल्याशिवाय कुणी त्याच्यावर कुऱ्हाड उचलत नसे. म्हणजे फारच जुनी म्हणायला हवी.

डोंगराच्या पायथ्याशी, हिरव्यागार रानाला लागून एक इवलीशी झोपडी होती. तिच्यात म्हादू सुतार आणि त्याची नऊ वर्षांची लेक येसू अशी दोघंच राहत. दारात एक मोठा फणस होता. उन्हाळ्यात त्याचे गरे खायचे आणि पावसाळ्यात आठळ्या भाजून पोट भरायचं, असं त्या दोघांचं चालायचं. पण फणस त्यांचा नव्हता. जमीन गावच्या जमीनदाराची, भाऊसाहेबांची, म्हणून झाडही भाऊसाहेबांचं. सावली तेवढी येसूची.

म्हादूच्या हातात कसब होतं, पण दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांवर पांढरं धुकं उतरत होतं. आधी दूरचा डोंगर दिसेनासा झाला, मग अंगणातली कोंबडी, आणि शेवटी लाकडावर आखलेली रेघसुद्धा. हे फक्त येसूला ठाऊक होतं. आंधळ्या सुताराला काम कोण देणार? म्हणून तिचे आबा कामाला बसले की येसू त्यांच्या खांद्याशी उभी राहायची आणि हळूच सांगायची, "आबा, जरा डाव्या अंगाला." लोकांना वाटायचं, पोर बापाला फारच चिकटलेली आहे.

त्या वर्षी भाऊसाहेबांनी टेकडीवर नवं घर बांधलं. भिंती गुलाबी, खिडक्यांना निळ्या काचा, मागे बाग, बागेत लाल जास्वंदी, केशरी अबोली आणि त्यांच्यावर भिरभिरणारी पिवळी फुलपाखरं. घर झालं, पण त्यांच्या बायकोचं, माईसाहेबांचं, मन काही भरेना. त्यांच्या मावसबहिणीकडे जेवणाचं एक टेबल होतं. अख्ख्या झाडाची एकच रुंद फळी, आणि तिच्या दोन्ही कडा झाडाच्या अंगच्या, ओढ्याच्या काठासारख्या वळणावळणाच्या.

"मला तस्संच हवं," माईसाहेब म्हादूला म्हणाल्या. "कड सरळ करायची नाही. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, झाड अजून जिवंत आहे." आणि एवढं बोलून त्यांनी जिवंत झाड तोडायला माणसं पाठवली.

झाड म्हणजे तो दारातलाच फणस.

त्या भागातल्या सुतारांची एक रीत होती. झाड पाडायच्या आदल्या दिवशी बुंध्यावर तीनदा बोटांनी टकटक करायचं आणि म्हणायचं, "इथं राहणाऱ्यांनो, दुसरं बिऱ्हाड बघा." मग एक दिवस झाडाला हात लावायचा नाही. पाखरं, खारी, आणखी जे कोणी असतील त्यांना सामान आवरायला वेळ नको? पण वास्तुशांत महिन्यावर आली होती. "एक दिवस फुकट कशाला घालवायचा?" भाऊसाहेबांचा माणूस म्हणाला. म्हादू गप्प बसला. ज्याला काही लपवायचं असतं त्याला भांडण परवडत नाही.

फणस पडला. येसूने त्या दिवशी डोळ्यांना पदर लावला, तोही फाटकाच होता.

फळी मात्र काय सुंदर निघाली! हळदीसारखी पिवळीधम्मक, मधे केशरी रेषांची नक्षी. नव्या घरामागच्या बागेत काम सुरू झालं. आबा रंधा मारायचे. येसू पटाशीने कडेची साल अलगद सोडवायची आणि खरवतीच्या खरखरीत पानांनी कड घासून गुळगुळीत करायची. तिच्या बोटांची सालं निघाली, पण कड मऊ झाली.

एके दिवशी आबा फळीचं टोक करवतीने कापत होते. येसू सांगत होती, "सरळ, आबा. सरळच." तेवढ्यात एक फुलपाखरू जास्वंदीवर बसलं. येसूने पाहिलं, फक्त एकदाच. पण करवतीला तेवढं पुरलं. ती वळली आणि थेट कडेत घुसली.

आबांनी कापलेल्या जागेवरून बोटं फिरवली आणि करवत खाली ठेवली.

"झालं," ते म्हणाले. "आता समद्यांना कळंल."

येसू खाच बघायला पुढे आली. कापलेल्या खाचेत काहीतरी लुकलुकत होतं. ती वाकली. बोटाच्या पेराएवढी एक परी खाचेला धरून बसली होती. पिवळाजर्द परकर, तपकिरी केस, कांद्याच्या सालीइतके पातळ पंख, आणि त्यांच्यावर गुलाबी, निळे, सोनेरी रंग सांडलेले. एक पंख अर्धा फाटला होता.

"लागलं का गं तुला?" येसू म्हणाली.

परीने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून दवाएवढे दोन थेंब ओघळले. येसू उठली आणि टेकडी उतरून धावत सुटली. झोपडीच्या दारातल्या बुंध्याला अजून पांढरा चीक येत होता. तो पानावर घेऊन ती तशीच धापा टाकत परत आली आणि काडीच्या टोकाने तिने पंख चिकटवला. फणसाचा चीक तो, एकदा धरलं की सोडतोय कशाला!

"तुझी कड फाटली, आणि तू आधी माझा पंख सांधलास," परी हळूच म्हणाली. "तुला मी तीन इच्छा देते. पण नियम आहेत हं. दिवसाला एकच मागायची, आणि कडेवर हात ठेवून मागायची. दोन दुसऱ्यांसाठी, एक तुझ्यासाठी. आणि ज्या माणसाला मिळालं त्याला कुणी दिलं ते कधीही कळता कामा नये. तू सांगितलंस की दिलेलं परत जाईल."

"कधीच न्हाई सांगायचं?"

"कधीच नाही, राणी."

येसूने कडेवर हात ठेवला. "कड होती तशी होऊ दे."

सोनेरी चुरा उडाला आणि खाच मिटली. आबांनी पुन्हा बोटं फिरवली, पुन्हा पुन्हा फिरवली.

"कड तर साबूत हाय, येसू. मला भास झाला का?"

"व्हय, आबा," येसू म्हणाली. "भासच झाला." बापाशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली आणि तिला ते आवडलं नाही.

दुपारी माईसाहेब काम बघायला आल्या. म्हादूच्या डोळ्यांतून पाणी गळताना त्यांना दिसलं. "डोळ्यांत भुसा गेला असेल," असं म्हणून त्यांनी आतून मलमाची डबी आणवली. येसू स्वयंपाकघराच्या दाराशी पाणी मागायला उभी होती, तेव्हा तिला आतून माईसाहेबांचा आवाज ऐकू आला. "ते मांजरासाठी आणलेलं असेल बघ, ते दे. वाळलंय, तरी चालेल त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मलम डोळ्यांना चोळलं, देवाचं नाव घेतलं आणि कामावर आले. येसूने कडेवर हात ठेवला. "आबांचे डोळे बरे होऊ दे."

आबांच्या हातातला रंधा थांबला. त्यांनी जास्वंदीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं आणि मग येसूकडे. बराच वेळ ते तिच्याकडेच बघत राहिले.

"तुझ्या कपाळाला ही खोक कधीची गं?"

"दोन वर्सं झाली, आबा. मी पडले हुते."

"केवढी मोठी झालीस तू," आबा म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना. मग त्यांनी कनवटीची डबी काढून कपाळाला लावली. "माईसाहेबांचं मलम! देवमाणूस हाय बाई. माझं डोळं दिलं त्यांनी."

येसूने तोंड उघडलं. कडेवर बसलेल्या परीने ओठांवर बोट ठेवलं. येसूने तोंड मिटलं. आपण दिलेलं दुसऱ्याच्या नावावर जाताना बघायचं, आणि तेही आपल्याच बापाच्या तोंडून, हे नऊ वर्षांच्या जिवाला फार जड होतं. तिला रागही आला, आबांचा सुद्धा.

"तिसरी इच्छा माझ्यासाठी हाय ना?" तिने परीला विचारलं. "मग आबांना आपोआप कळू दे."

"तेवढं सोडून काहीही माग," परी म्हणाली.

येसूने खूप विचार केला. मग तिला हवं होतं ते सापडलं. आपली स्वतःची एवढीशी जागा आणि तिच्यात आपलाच एक फणस, जो कुणाला पाडता येणार नाही. तोवर कड पुन्हा बिघडली तर हाताशी असावी, म्हणून तिसरी इच्छा तिने वास्तुशांतीच्या दिवसासाठी राखून ठेवली.

"आणि तू गं कुठं जाणार?" तिने विचारलं.

"कुठेच नाही. झाड उभं असताना कुणी सांगितलं असतं तर गेले असते. आता मी फळीत आहे, तर फळीतच राहणार. परीला स्वतःसाठी काही मागता येत नाही." एवढं बोलून परी हसली आणि लाकडाच्या वळणात शिरली.

वास्तुशांतीला टेबल जेवणघरात मांडलं. तेल पिऊन ते झळझळत होतं. पाहुणे त्याच्याभोवती बसले. ज्यांनी ते घडवलं ते दोघं मागच्या अंगणात पत्रावळीवर.

"जेवायच्या आधी आत जा," आबा येसूला म्हणाले. "माईसाहेबांच्या पाया पड. म्हणावं, आबांचं डोळं तुमच्यामुळं आलं."

"आबा, मी न्हाई जात."

"येसू, उपकार विसरू नये."

येसू गेली. माईसाहेब पाहुण्यांना तेच सांगत होत्या. "मी वेळेवर मलम दिलं म्हणून, नाहीतर आंधळाच झाला असता बिचारा." पाहुण्यांनी माना डोलावल्या. येसू वाकली, तिने त्यांच्या पायांना हात लावला आणि आबांनी शिकवलेलं वाक्य म्हटलं. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

उठताना तिचं डोकं कडेशी आलं. कुणीतरी आमटीचं गरमागरम पातेलं नेमकं परीच्या वळणावर ठेवलं होतं. लाकडाच्या रेषांत परी अंग चोरून बसली होती, रंग उडालेली, सांधलेला पंख पोटाशी धरून. तिने येसूकडे पाहिलं आणि काहीच मागितलं नाही. मागताच येत नव्हतं तिला.

येसूने कडेवर हात ठेवला. आपल्या फणसाला तिने मनातल्या मनात एकदा डोळे भरून बघून घेतलं.

"हिला जाऊ दे," ती पुटपुटली.

कडेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उजेड धावला. पिवळा, केशरी, मग लख्ख पांढरा. त्या उजेडातून परी उठली, तिचे पंख मोठे मोठे झाले, येसूच्या कपाळावरच्या खोकेला तिने ओठ टेकले आणि ती निळ्या खिडकीतून उजेडाबरोबर विरून गेली. येसूच्या कपाळावरची खूण गेली आणि बोटांच्या जखमाही भरून आल्या. परीला जाता जाता तेवढंच देता आलं.

"काय चमक आहे हो लाकडाला!" एक पाहुणी म्हणाली.

"शहरातून मुद्दाम पॉलिश आणवलंय," माईसाहेब म्हणाल्या.

येसू अंगणात परत आली. आबा तिची वाट बघत थांबले होते, घास न घेता.

"पडलीस पाया?"

"व्हय, आबा."

"शाणी माझी पोर." त्यांनी पत्रावळीकडे पाहिलं. भाताचं एकेक शीत त्यांना वेगळं दिसत होतं आणि त्याचंच त्यांना हसू येत होतं. मग ते जेवायला लागले. येसूही त्यांच्या शेजारी बसून जेवली. आमटीत मीठ नव्हतं, पण ती काही बोलली नाही.