शेजारचं पालथं मडकं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर तुमच्या पणजीच्या पणजीनंही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच असणार. खाडीच्या काठावर एक गाव होतं. गावात नारळीच्या बागा होत्या, मिठागरं होती आणि मधोमध चुन्यानं रंगवलेलं पांढरंशुभ्र चर्च होतं. माणसं ख्रिस्ताला मानणारी, कष्टाळू, मनानं चांगली. आणि खोटं कशाला बोला, एकमेकांच्या घरात डोकावण्यात एकदम पटाईत.

या गावाची एक रीत होती. राखेच्या बुधवारी म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला, की चाळीस दिवसांचा उपवास सुरू व्हायचा. ज्या घरी उपवास, त्या घरची बाई सकाळी भाताचं मडकं ओट्यावर पालथं घालायची. संध्याकाळी प्रार्थनेची घंटा झाली की मडकं उचलायचं, चूल पेटवायची आणि दिवसातून एकदाच काय ते जेवायचं. मडकं पालथं दिसलं की त्या घरी कुणी खायचं घेऊन जात नसे. दारातून साधं "जेवलीस का गं?" असंसुद्धा कुणी विचारत नसे. उपवास करणाऱ्याला मोहात पाडणं म्हणजे मोठंच पाप, असं सगळे मानायचे.

इथवर छानच होतं. पण माणसं ती माणसंच! त्यांनी त्यातही शर्यत लावली. ज्या घरचं मडकं सगळ्यांत जास्त वेळ पालथं राहील, त्या घरच्या बाईनं पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, पहाटे चर्चमधली मोठी मेणबत्ती पेटवायची, असं ठरून गेलं. कुणी ठरवलं? कुणीच नाही आणि सगळ्यांनीच. पाद्रीबाबांना तर कुणी विचारलंही नव्हतं.

त्या गावात इनास नावाची एक बाई राहायची. मिठागरावर काम करणाऱ्या बस्त्यावची बायको. बाई मोठी गोड, पण जिभेचे लाड पुरवण्यातही तेवढीच पुढे. तिनं कोळंबीचं कालवण केलं की शेजारपाजारचे लोक उगाच काहीतरी काम काढून तिच्या दारावरून जायचे. मेणबत्ती पेटवायची तिला फार हौस. पण दर वर्षी बाराव्या-तेराव्या दिवशी घोडं अडायचं. कधी शेवग्याच्या शेंगा समोर यायच्या, कधी ताजा फणस फोडला जायचा, आणि इनासचा उपवास तिथंच संपायचा.

या वर्षी मात्र तिनं नवऱ्याला बजावून सांगितलं, "अहो, यंदा मेणबत्ती मीच पेटवणार."

"पेटव की," बस्त्याव म्हणाला. "पण घरातली चूलही पेटव अधूनमधून. उपवास तुझा आहे, माझा नव्हे!"

इनासच्या भिंतीला भिंत लागून मार्तीनबाय राहायची. वयानं मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शिंदीच्या पानांच्या चटया विणायची आणि त्यावर पोट भरायची. बोलणं कमी, चालणं खालमानेनं. यंदा तर ती दोन्ही हात पदराखाली धरूनच फिरायची. लोक म्हणायचे, "बघा, चालतानासुद्धा बाईनं हात जोडलेले असतात!"

आता एक गोष्ट तुमच्या कानात सांगून ठेवायला हवी, कारण इनासला ती ठाऊक नव्हती. मार्तीनबायचे हात जोडलेले नव्हते. उपवास सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात विहिरीच्या पायऱ्यांवर पाय घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. चटई विणता येईना. होते ते तांदूळ तिनं पुरवून पुरवून खाल्ले. विसाव्या दिवशी तेही संपले. त्या संध्याकाळी घंटा झाली, पण तिनं मडकं उचललं नाही. उचलून त्यात घालणार काय?

कुणाकडे मागावं, तर ज्या दाराकडे पाहावं त्या दारात मडकं पालथं. लोक देवासाठी उपाशी बसलेत, त्यांच्यापुढे हात कसा पसरायचा? बिचारी पाणी प्यायली आणि पडून राहिली.

इकडे इनासनं ओट्यावरून मान लांब करून पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, ऐकलंत का! घंटा होऊन गेली तरी मार्तीनचं मडकं पालथंच. आता रात्रीचं जेवणही सोडलंन बयेनं!"

"सोडू दे," बस्त्याव म्हणाला. "तू जेव."

"मी जेवू? म्हणजे ती पुढे जाईल!"

आणि इनासनंही आपलं मडकं पालथंच ठेवलं. बस्त्यावनं कपाळाला हात लावला आणि कालचा उरलेला भात ताकाबरोबर खाऊन झोपून गेला.

दुसरा दिवस गेला. दोन्ही मडकी पालथी. इनास गुडघे टेकून प्रार्थनेला बसली, की ओठांवर प्रभूचं नाव आणि कान भिंतीला. पलीकडे भांडं वाजतंय का? काही शिजल्याचा वास येतोय का? भुकेनं तिचं डोकं भणभणत होतं. ती मांजरावर ओरडली, वाऱ्यावर ओरडली, बस्त्याव तर समोरच होता. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला उभं राहिलं की अंधारी यायला लागली. आता काय करावं? हरायचं तर नव्हतं, आणि जिंकायला जीव उरत नव्हता. शेवटी ती तडक पाद्रीबाबांकडे गेली.

पाद्रीबाबा नारळीच्या अळ्यात पाणी घालत होते.

"पाद्रीबाबा, मार्तीन लबाडी करतेय," इनास म्हणाली. "तीन दिवस कुणी नुसत्या पाण्यावर राहील का? गुपचूप खात असणार ती. तुम्ही तिला जाब विचारा."

पाद्रीबाबांनी घागर खाली ठेवली. "पोरी, इतके दिवस प्रार्थनेत तू काय मागितलंस?"

इनास खालच्या आवाजात म्हणाली, "मेणबत्ती."

"खरं बोललीस, बरं वाटलं," ते हसून म्हणाले. "आता आजचा दिवस माझं एक ऐक. घरी जा आणि मार्तीनसाठी प्रार्थना कर. फक्त तिच्यासाठी. स्वतःसाठी काही मागू नकोस. मग संध्याकाळी जाब विचारायला आपण दोघं जाऊ."

इनास कुरकुरत घरी आली. गुडघे टेकले. डोळे मिटले. "प्रभो," ती म्हणाली, "मार्तीनला..." आणि तिथंच अडली. मार्तीनला काय? दुसऱ्यासाठी मागायचं, तर त्याला काय कमी आहे हे माहीत असायला नको? आणि इनासला शेजारणीचं मडकं सोडून दुसरं काहीच माहीत नव्हतं!

मग ती आठवायला लागली. मार्तीनला हवं तरी काय असेल? शिंदीची पानं? पण पानांचा भारा तर अंगणात तसाच वाळत पडलाय. का बरं? या दिवसांत तर ती ओट्यावर बसून विणत असते. कितीतरी दिवसांत विणताना दिसली नाही. मीठ कुटल्याचा आवाज नाही, चुलीचा धूर नाही. तिच्या दोन कोंबड्या होत्या, त्याही दिसत नाहीत. आणि ते हात! पाणी भरतानासुद्धा ती एकाच हातानं कळशी ओढत होती. डावा हात. नेहमी डावाच.

इनासच्या पोटात भुकेचा गोळा उठला. आणि त्याच क्षणी तिला कळलं, की हाच गोळा भिंतीपलीकडेही उठत असणार.

"अरे देवा!" ती मोठ्यानं म्हणाली. ही तिची त्या उपवासातली पहिली खरी प्रार्थना होती.

ती उठली. भरदुपारी, सगळ्या गावाच्या देखत तिनं आपलं मडकं उचललं आणि चूल पेटवली. धूर निघाला तशा बायका आपापल्या ओट्यांवर आल्या. "इनासचा उपवास मोडला! यंदाही मोडला!" कुणी हसलं, कुणी चुकचुकलं. इनासनं तिकडे पाहिलंही नाही. तिनं तांदळाची पातळ पेज केली, मीठ घातलं, वर तुपाचा थेंब सोडला आणि मडकं घेऊन शेजारच्या दारात उभी राहिली.

मार्तीनबाय चटईवर पडली होती. चेहरा पार उतरलेला. इनासला पाहून ती गडबडीनं उठायला गेली. "नको बाय," ती म्हणाली. "माझा उपवास आहे."

इनासच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं काय ते तिला कळलं होतं, पण ते तोंडावर बोलून दाखवावंसं वाटेना. ती खाली बसली. दोन वाट्या भरल्या. "मार्तीनबाय, मला फार भूक लागलीय गं. तीन दिवस मी जेवले नाही. आणि एकटीनं जेवायला मला लाज वाटते. माझ्यासाठी म्हणून दोन घोट घे."

असं म्हणून तिनं आधी आपली वाटी तोंडाला लावली. ज्या मेणबत्तीसाठी तिनं एवढा आटापिटा केला होता, ती पेजेच्या पहिल्या घोटाबरोबर गेली. मार्तीनबायनं डाव्या हातानं वाटी उचलली. अर्धी वाटी प्यायली आणि मग ती लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. मनगटाचं, तांदळाचं, सगळं सांगून टाकलं.

"मला हाक का नाही मारलीस?" इनासनं विचारलं.

"कशी मारणार? तू तर प्रार्थनेत असायचीस," मार्तीनबाय म्हणाली.

इनासला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. "चुकले मी, मार्तीनबाय," एवढंच ती म्हणू शकली.

दारात बायकांची गर्दी जमली होती. त्यांनी सगळं ऐकलं. हसणाऱ्यांच्या माना खाली गेल्या. एक जण गुपचूप गेली आणि हाडं बसवणाऱ्या वैद्याला घेऊन आली. मागोमाग पाद्रीबाबाही आले. "आता कुणाला जाब विचारायचा?" एवढंच ते म्हणाले.

त्या वर्षी मेणबत्ती सुताराच्या बायकोनं पेटवली आणि इनासनं तिचं अगदी मनापासून कौतुक केलं. पण त्याआधीच गावाची रीत बदलली होती. उपवास पूर्वीसारखेच कडक राहिले, मात्र आपण सोडलेलं जेवण रोज कुणाच्या तरी घरी पोचतं करायचं आणि "जेवलीस का गं?" हे आधी विचारायचं, असं ठरलं. या वेळी पाद्रीबाबांना विचारून.

पास्कापर्यंत इनासनं पुन्हा उपवास केला. दिवसभर प्रार्थना, आणि घंटा झाली की मार्तीनबायबरोबर जेवण. एकदा बस्त्यावनं तिला विचारलं, "काय गं, आज कितवा दिवस?"

"कुणास ठाऊक," इनास म्हणाली. "तिचं मनगट मात्र आता वळायला लागलंय हो!" आणि दोघं पोटभर हसली.

तात्पर्य: आपली भूक जेव्हा शेजाऱ्याची भूक ओळखायला लागते, तेव्हाच आपला उपवास आणि आपली प्रार्थना देवापाशी पोचते.