सुईच्या टोकावरचं औषध

रानाच्या कडेला एका गवताच्या झोपडीत केवडी नावाची इवलीशी मुलगी राहायची. तिच्या आईचं काळीज थकलं होतं. जरा चाललं की धाप लागायची, पाय सुजायचे. घरात चूल पेटायची मारामार, तिथे वैद्य कुठला?

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, डबक्याकाठचा तो खरबरीत बेडूक धर आणि पीळ. पांढरं दूध निघतं, काळजावर गुणकारी!"

केवडीचे डोळे भरून आले. बाबांनाही तेच दिलं होतं. जरासं दिल्यावर बाबा उठून बसले. मग सगळ्यांना वाटलं, थोड्याने एवढा गुण, तर जास्तीने केवढा! जास्ती दिलं, आणि बाबा पुन्हा उठलेच नाहीत.

तरी आईसाठी ती गेली. काळवंडलेल्या डबक्याकाठी बेडूक दगडाखाली अडकला होता. त्याला पिळायला तिचा हात होईना. "जा रे बाबा," म्हणत तिने काठीने दगड सारला.

तोच झगमग झगमग! शेवाळी पंखांची, दवाचे मणी ल्यालेली चिमुकली परी पुढ्यात.

"माझ्या लाडक्याला सोडवलंस. माग हवं ते."

"माझे बाबा दे."

परीचे पंख मिटले. "गेलेलं माणूस मला आणता येत नाही गं राणी."

"मग आईला वाचव."

परीने पानावर त्याच बेडकाच्या दुधाचा एक मोतिया थेंब ठेवला. "सुईच्या टोकावर राहील तेवढंच, एकदाच. तेवढ्याने काळीज सावरतं, जास्तीने थांबतं. उरलेलं मातीत पुरायचं. कुणी कितीही मागितलं, तरी द्यायचं नाही."

आईने ते चाटलं. हळूहळू धाप ओसरली.

"केवडे, अजून दे गं. उद्याच उभी राहीन, तुला गरम भात घालीन."

केवडीच्या पोटात कावळे ओरडत होते. "नाही आई."

"आईला नाही म्हणतेस?" आईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

केवडीने रडत रडत पान पुरलं, राखेने हात खसखसून धुतले आणि आईचा श्वास ऐकत तिच्या पायाशी बसली. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

"ऊठ गं, पेज झालीये!"

सोनेरी उन्हात आई चुलीपुढे उभी होती! दारात परी हसत होती. "हे पेजेचं मडकं आता कधी रितं व्हायचं नाही, केवडी." एवढं बोलून ती लख्ख उजेड झाली आणि उन्हात विरून गेली.

केवडीने पेजेची एक वाटी बाबांच्या जागेपुढे ठेवली. मग ती आईच्या कुशीत शिरली आणि पोटभर रडली.