गोवऱ्यांची भिंत

एकदा एका तरुण शिल्पकाराला ओसाड जागेत कलाकेंद्र उभारण्याचा ध्यास लागला. एका गावाबाहेर इनामदारांचा वाडा चाळीस वर्षे पडून होता. वारस शहरात स्थायिक झालेले, पागेच्या छतातून पिंपळ उगवलेला, कोठारात वटवाघळांचा मुक्काम. शिल्पकाराने वारसांची मनधरणी करून ती जागा मिळवली आणि तीन वर्षे हाडाची काडे केली. पागेचे चित्रदालन झाले, कोठारात कार्यशाळा उभी राहिली. पश्चिमेची लांबलचक भिंत गोवऱ्यांनी भरलेली होती. ती खरवडून, गिलावा करून त्याने पांढरीशुभ्र केली. त्या भिंतीचा त्याला विशेष अभिमान होता.

उद्घाटनाला शहरातून गाड्या आल्या. पाहुण्यांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि ते परतले. गावातले मात्र कोणी आले नाही. घरोघर छापील निमंत्रण देऊनही नाही! दोन महिने त्याने वाट पाहिली. केंद्र काढले ते गावासाठी, आणि गावच फिरकणार नसेल तर कुलूप लावून निघून जावे, असे त्याने ठरवले. त्यापूर्वी आपल्या वृद्ध गुरूंना तेवढे एकदा बोलावले.

गुरूंनी सगळे दालन फिरून पाहिले. मग विचारले, "पाटीभर शेण मिळेल का?"

झाडांना घालायचे असेल, असे समजून शिष्याने ते आणवले. गुरूंनी बाह्या सारल्या आणि पांढऱ्या भिंतीवर सरळ एक गोवरी थापली.

"गुरुजी! अहो, भिंत!" शिष्य ओरडलाच.

गुरूंनी दुसरी थापली. तोवर पहिली घसरून त्यांच्या पायावर पडली होती.

सरपणाचा भारा घेऊन रस्त्याने चाललेली तान्हूबाई हे पाहून थबकली. गावातली ही म्हातारी तशी फटकळ. तिला हसू आवरेना.

"अवं बाबा, भुसा घातल्याबिगर श्यान धरंल व्हय?"

भारा टाकून ती आत आली, वाळके गवत चुरून तिने शेणात कालवले आणि एक गोवरी थापली. ती जागची हलली नाही.

"बाई, सरपण कुठून आणता?" गुरूंनी विचारले.

"त्या टेकडीवरनं. हितं थापत हुतो तवा चूल घरच्या घरी पेटायची. भित गेली, आन् गुडघं बी गेलं."

हे ती तक्रारीच्या सुरात बोलली नाही. शिष्याने मात्र मान खाली घातली. गुरू त्याला म्हणाले, "जागा ओसाड आहे, असे तू समजलास. इथून मालक गेले होते, गाव गेले नव्हते. या बाया रोज सकाळी इथे येत होत्या, आपसात बोलत होत्या, हातांनी काही घडवत होत्या. तू आधी त्यांना घालवलेस आणि मग निमंत्रण धाडलेस. ज्याला आपण घालवून दिले, तो पाहुणा म्हणून कसा येईल?"

 शिष्याने तान्हूबाईजवळ जाऊन विचारले, "मावशी, या भिंतीवर ऊन किती वेळ असतं?"

तीन वर्षांत त्याने गावाला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.