गुरुजी गप्प का बसले?

एकदा एका सीमाभागातील गावात एक वृद्ध वैद्य राहत होते. त्यांच्या ओसरीवर रोग्यांची रीघ असे आणि परसदारच्या खोलीत सात-आठ शिष्य वैद्यक शिकत असत. त्यांतला दिगंबर सर्वांत तल्लख. पाच वर्षांत सारे ग्रंथ त्याला मुखोद्गत झाले होते. नाडीवर बोट ठेवले की निदान ओठांवर तयार. आपण आता वैद्य झालोच आहोत, असे त्याला मनोमन वाटत असे.

एके सकाळी शिवाप्पा नावाचा विणकर आपल्या आईसाठी तापाचे औषध न्यायला आला. दिगंबरने घाईघाईत पुडी बांधून दिली. दुपारी फळी आवरताना त्याच्या लक्षात आले, की दोन बरण्यांची झाकणे अदलाबदल झाली आहेत. झाकणावरचे नाव वाचून त्याने पुडी बांधली होती. आतले चूर्ण पाहिलेच नव्हते. तापाच्या चूर्णाऐवजी म्हातारीच्या पोटात जमालगोट्याचा जहाल रेच गेला होता.

त्याने दोन्ही बरण्या शेजारी उभ्या असलेल्या थोरल्या शिष्याला दाखवल्या. थोरला शिष्य हळूच म्हणाला, “झाकणं बदल आणि गप्प बस. म्हातारी आधीच आजारी आहे. दुखणं बळावलं, असंच सगळे समजतील.”

दिगंबरने झाकणांना हात लावला नाही. मग बरणी हातात घेऊन तो तडक ओसरीवर गेला. “गुरुजी, माझ्या हातून घात झाला.”

वैद्यांनी सगळे ऐकले. रागाचा एक शब्दही न काढता त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या. “चल,” एवढेच ते म्हणाले.

शिवाप्पाच्या दारात माणसे जमली होती. आत त्याची आई गौरव्वा निपचित पडली होती. डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. वैद्यांना पाहताच सर्वांच्या जिवात जीव आला. शिवाप्पा हात जोडून म्हणाला, “बाबा, आईला अचानक काय झालं हो?”

वैद्यांनी आत येऊन म्हातारीची नाडी पाहिली आणि ते उंबऱ्याशी जाऊन बसले. उत्तर न देता त्यांनी दिगंबरकडे बोट दाखवले.

दिगंबर पुढे झाला. “शिवाप्पा, औषध चुकीचं गेलं. पुडी मी बांधली होती. चूक माझी आहे.”

दुसऱ्याच क्षणी शिवाप्पाने त्याचा सदरा धरला. “माझ्या आईला मारतोस?”

वैद्य जागचे हलले नाहीत.

“मला नंतर हवं तेवढं मारा,” दिगंबर म्हणाला, “पण आधी चुलीवर तांदळाची पेज टाका. मीठ घालून. आणि आईंना उचलून बसवायला मला हात द्या.”

शिवाप्पाची मूठ सैल झाली.

मग संध्याकाळपर्यंत दिगंबरने ते घर सोडले नाही. पेजेचा एकेक चमचा तो तिच्या ओठांना लावत होता. ओकारी झाली की थांबे, तोंड पुशी, पुन्हा चमचा भरी. तिची वस्त्रे बदलायला त्याने सुनेला मदत केली. मळलेली चादर त्याने स्वतः धुतली. जिथे अडले तिथे त्याने न लाजता गुरूंना विचारले, आणि त्यांनी विचारले तेवढेच सांगितले. वैद्यांची नजर मात्र म्हातारीच्या चेहऱ्यावरून क्षणभरही ढळली नाही.

दिवेलागणीला गौरव्वाने डोळे उघडले आणि स्वतःहून पाणी मागितले. सून हुंदके देऊ लागली. शिवाप्पा तोंड फिरवून उभा राहिला. दोघे निघाले तेव्हा त्यांना पोचवायला कोणी दारापर्यंत आले नाही.

वाटेत दिगंबरला राहवले नाही. “गुरुजी, आपण एक शब्द बोलला असता तर सारं निवळलं असतं. आपण गप्प का बसलात?”

वैद्य थांबले. “नाडी मी पाहिली, कारण तिचा जीव तुझ्या शिक्षणाहून मोठा आहे. तो हाताबाहेर जातोय असं दिसतं, तर मी तुला बाजूला सारलं असतं. पण तुझी चूक मी माझ्या तोंडाने सांगितली असती, तर त्यांनी ती माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून पोटात घातली असती. तुझ्या वाट्याला काय आलं असतं? ग्रंथ मी तुला शिकवले. रोग्याच्या नजरेला नजर देऊन ‘हे माझ्यामुळे झालं’ असं म्हणणं आणि मग तिथून पळून न जाणं, हे मात्र तुझं तुलाच करावं लागणार होतं. दुपारी बरणी घेऊन तू माझ्याकडे आलास, तेव्हाच मला कळलं की तुला ते जमेल.”

वीस दिवसांनी शिवाप्पा तापाने फणफणलेल्या लेकीला खांद्यावर घेऊन धावत ओसरीवर आला. वैद्यांनी नाडी पाहायला हात पुढे केला. शिवाप्पा अवघडून म्हणाला, “बाबा, राग मानू नका. तुमच्या त्या दिगंबरला बोलवा.”

थोरला शिष्य चकित झाला. “अरे, ज्याने तुझ्या आईला चुकीची पुडी दिली, तोच?”

“तोच,” शिवाप्पा म्हणाला. “आई कालपासून पुन्हा मागावर बसतेय. आणि हा माणूस माझ्याशी खोटं बोलणार नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.”

वृद्ध वैद्यांचा चेहरा आनंदाने उजळून निघाला. आपल्या आसनावरून ते सावकाश उठले, ते आसन त्यांनी हाताने झटकून नीट केले आणि परसदाराकडे वळून साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली:

“दिगंबरवैद्य, बाहेर या! आपला रुग्ण आला आहे.”