पाचशे वॅटचा हलका डबा

मिरजेत लग्नपत्रिका करून देणाऱ्या मालनबाईंच्या जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय महिन्यात दुसऱ्यांदा जळाला. दोन्ही वेळा माल कोटणिसांच्याच दुकानातला! बाई तणतणत दुकानात शिरल्या, तर कोटणिसांनी तसलाच तिसरा डबा पुढे सरकवला.

"पाचशे वॅट छापलंय वर. बायकांना यातलं काय कळतंय?"

बाईंनी डबा हातावर तोलला. पोह्यांच्या पुड्याइतका हलका! पाचशे वॅट पेलणारा डबा कसा विटेसारखा जड लागतो.

"मग हा तुमच्या बिलाच्या कॉम्प्युटरला बसवा," त्या म्हणाल्या, "आणि त्यातला जुना मला द्या. पैसे नव्याचे घ्या."

कोटणीस ताडकन उठले. "भलतंच काय! त्यात माझं अख्खं दुकान आहे!"

"आणि माझ्या कॉम्प्युटरात चौदा लग्नं आहेत," बाई कडाडल्या, "ती काय चुलीत घालायची?"